पेंढी जाळायची राहिली

थंडर बे, १६ ऑक्टोबर २०२२

ओरिसिया,

पत्र लिहून बघते. बोलायला लागलो की आपण दोघी भांडतो. कागदावर निदान माझंच ऐकावं लागेल तुला.

आधी एक सांगून टाकते म्हणजे मन मोकळं होईल. भावाचा फोन तू बोर्श्च सुपाच्या टोपात बुडवलास, ते मला अजून पटलेलं नाही. बापाच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण, फादर रोमान प्रार्थना म्हणतायत आणि मार्कियान टेबलाखाली हॉकीवर पैजा लावतोय, चुकलंच त्याचं. पण टोप साठ माणसांचा होता आणि बीट मी स्वतः किसलं होतं. वर दाराशी उभं राहून 'तू त्याला पाठीशी घालतेस, आता त्यालाच घेऊन बस' असं ओरडून थेट विमानतळ गाठायची काय गरज होती? हॅलिफॅक्स काय पळून जात होतं?

तर बाई, तुझं तोंड फळलं. मार्कियान घरी राहायला आलाय. म्हणतो, 'तुझ्या दारातला बर्फ कोण काढणार?' बर्फ अजून पडायचाय. कारखान्याने सुट्टी दिलीय म्हणे. सुट्टी दिली की नारळ दिला, ते मी विचारलं नाही.

दिवसभर हातात फोन. तुझे बाबा गेले त्याच आठवड्यात ओंटारियोने हा पैजांचा बाजार खुला केला, आठवतंय? तेव्हा आपण शवपेटी निवडत होतो, आपलं लक्ष नव्हतं. आता बसच्या पाठीवर जाहिरात, हॉकीच्या मध्यंतरात जाहिरात, मंडईच्या पिशवीवरसुद्धा. मी बोलले की म्हणतो, 'आई, प्रांताने परवाना दिलाय. कायदेशीर आहे सगळं.' मी म्हटलं, 'परवाना स्मशानालाही असतो. म्हणून कोणी लवकर जात नाही.'

आणि पैज नुसती कोण जिंकणार यावर नाही. पुढचा गोल कोण करणार, पुढचा धक्का कोण मारणार. सकाळी नाश्त्याला कुठल्या तरी देशातले दोन पोरगे टेबल टेनिस खेळतात आणि हा पाव हातात धरून बसतो, खायचं विसरतो. परवा म्हणाला, 'आई, तुझा टोस्ट जळणार याला दीडचा भाव आहे.' मला हसू आलं. तोही हसला. कितीतरी दिवसांनी हसला गं. मुलगा हसला की आई कशालाही हसते.

खिडकीजवळच्या बाबांच्या खुर्चीवर तो बसत नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. तेवढी जाण आहे त्याला.

— आई


थंडर बे, ४ डिसेंबर २०२२

ओरिसिया,

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर एकच ओळ: 'त्याला खाती बंद करायला लाव.' उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तरी लावलं हो.

स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून त्याने एकेक बंद केलं. परवाना मिळालेल्या कंपन्या किती असतील, मला वाटलं होतं दोन-तीन. एकीचं दार लावलं की दुसरी पदर धरते, 'पहिली पैज आमच्याकडून.' प्रत्येक ठिकाणी वेगळं जाऊन सांगावं लागतं की बाबांनो, मला आत घेऊ नका. शेवटचं झालं तेव्हा रडला. मी कोबीचे रोल केले, पोटभर जेवला. मला वाटलं, सुटलो.

मग एके दिवशी म्हणाला, 'आई, जरा चष्मा काढ. डावीकडे बघ. आता उजवीकडे. डोळे मिचकाव.' फोन माझ्या तोंडासमोर. बँकेचं काम आहे म्हणाला. गाडीचं लायसन्स मागितलं, तेही दिलं. आता तू विचारशील, आई, तुला कळलं नाही? मला कळलं नाही असं मी लिहिते आहे. तू तसंच वाच.

तेव्हापासून डॅरिलचा फोन येतो. घरच्या फोनवर. डॅरिल पैजा घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस, चांगल्या गिऱ्हाइकांची खुशाली विचारायला नेमलेला. मी म्हणे चांगलं गिऱ्हाईक आहे. पहिल्याच दिवशी, 'स्टेफानिया, आज कसं वाटतंय?' मी म्हटलं, गुडघा दुखतोय. पुढच्या वेळी त्याने आधी गुडघ्याचं विचारलं, तेही डाव्याच. पोटच्या मुलीला माहीत नाही कुठला, डॅरिलला माहीत आहे.

आवाज फार गोड. पण एक गोष्ट मला चमत्कारिक वाटते. त्याच्या मागे कधीच काही ऐकू येत नाही. खुर्ची करकरत नाही, कोणी खोकत नाही, रस्ता नाही, दार नाही. जणू माणूस नुसता आवाजापुरता आहे. मी एकदा विचारलं, 'तू बोलतोस कुठून रे?'

'अगदी जवळून,' म्हणाला.

गुडघ्याला मलम लाव म्हणाला, लावतेय. तुझ्याकडे थंडी पडली का?

— आई


थंडर बे, ८ जानेवारी २०२३

ओरिसिया,

नाताळची पवित्र संध्याकाळ झाली आपली, जुन्या पंचांगाची. तू आली नाहीस. बारा पदार्थ दोघांसाठी केले, म्हणजे वेडेपणाच. पण कमी केले असते तर तुझ्या बाबांनी काय म्हटलं असतं!

मार्कियानने गव्हाची पेंढी आणली, चांगली उंच, सोनेरी. बाबा कामाला होते त्या धान्यकोठारातल्या कोणाकडून तरी मिळवली. पूर्वज तिच्यातून घरात येतात, म्हणून ती कोपऱ्यात मानाने उभी केली. टेबलावर तिसरं ताट मांडलं, गेलेल्या माणसाचं. बसायच्या आधी दोघांनी आपापल्या खुर्चीवर फुंकर मारली. लहानपणी तू विचारायचीस, फुंकर कशाला? तर कोणी आधीच येऊन बसलं असेल, त्याच्या अंगावर बसायला नको. तेव्हा तू इतक्या जोरात फुंकायचीस की मेणबत्ती विझायची.

मग मधाची, खसखशीची गव्हाची खीर. घरातला कर्ता पुरुष चमचाभर खीर छताला फेकतो, दाणे चिकटले तर वर्ष चांगलं. यंदा मार्कियानने फेकली. फेकण्याआधी त्याने फोन काढला आणि बाबांच्या ताटात ठेवला. मी म्हटलं, 'अरे, आज तरी!' तर म्हणतो, 'गप्प बस आई. मी त्यांनाच विचारतोय. चिकटली तर यजमान संघ, पडली तर पाहुणे.'

चिकटली. थोडी नाही, सगळीच. एक दाणा खाली आला नाही.

आणि ओरिसिया, तो जिंकला. माझ्या नावाने. टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. 'बाबांनी सांगितलं, आई. बाबा इथेच आहेत.' मी त्याला रागवायला हवं होतं, हो ना? मी काय केलं माहीत आहे? त्या रिकाम्या ताटात आणखी खीर वाढली.

रीतीप्रमाणे ताटं तशीच ठेवून आम्ही झोपलो. सकाळी बघते तर तिसऱ्या ताटातला चमचा पालथा. पोट भरलं की तुझे बाबा चमचा तसाच ठेवायचे. मार्कियानने केलं असेल, मला कळतं. पण मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्याने 'हो' म्हटलं असतं, तर मग काय उरलं?

मी आनंदात आहे. असं लिहायला लाज वाटते, पण आहे.

— आई


थंडर बे, ५ फेब्रुवारी २०२३

ओरिसिया,

दोन पत्रांचं उत्तर नाही. असो.

एक चूक होते आहे आणि ती मला कोणाला तरी सांगायला हवी. योर्दानचा सण उलटला. त्या दिवशी पाण्याला आशीर्वाद देतात, मग पेंढी बाहेर नेऊन जाळायची असते, म्हणजे आलेली माणसं धुरातून परत जातात. आम्ही जाळली नाही. फादर रोमान घरावर पाणी शिंपडायला आले तेव्हा म्हणाले, 'स्टेफानिया, हे पाहुणे अजून इथेच?' मी खोटं बोलले. म्हटलं, ओली आहे, वाळली की जाळते. ते थोडा वेळ पेंढीकडे बघत राहिले आणि चहा न घेताच गेले. फादर रोमान आणि चहाला नाही म्हणाले!

मार्कियान हात लावू देत नाही. 'जिंकणाऱ्या खेळाडूला कोणी मैदानाबाहेर काढतं का?' आता खीर रोज होते. वर्षातून एकदा करायची खीर! तो फेकतो, चिकटली की एक, पडली की दुसरं. छताला दाण्यांचे थर चढलेत. एकही दाणा आपोआप गळत नाही. मी झाडूने काढायला गेले तर दगडासारखे.

आणि घराला वास येतोय. कोठारातल्या गव्हाच्या धुळीचा, बाबांच्या कोटाला यायचा तसा. कोट मी मे महिन्यातच चर्चला देऊन टाकला होता. मी खिडक्या उघडल्या, उणे पंचवीसमध्ये, वास गेला नाही. खिडकीजवळच्या खुर्चीवर हात ठेवला तर गादी कोमट. ऊन येतं तिथे, मान्य. पण त्या दिवशी ऊन नव्हतं.

पहिले काही दिवस सगळं बरोबर यायचं. आता येत नाही. पण मार्कियान थांबत नाही. म्हणतो, 'बाबा रागावलेत, मी नीट विचारत नाही.' जेवत नाही. दाढी नाही. प्रत्येक खुर्चीवर फुंकर मारत घरभर फिरतो, पलंगावरसुद्धा. जिना चढताना पायरीवर फुंकताना बघितलं मी त्याला. आपल्याच घरात त्याला बसायला जागा उरलेली नाही, गं.

डॅरिलचा फोन आला. म्हणाला, 'तुमच्या घरात नशीब आहे, स्टेफानिया. तुम्हा तिघांचं छान चाललंय.'

मी म्हटलं, 'दोघांचं.'

त्याने गुडघ्याचं विचारलं.

आता लपवलेलं सांगते. शुक्रवारी मार्कियान बाहेर गेला होता. मी चमचा घेतला आणि एकटीने फेकला. पैजेसाठी नाही. मी तुझ्या बाबांना विचारलं, वासिल, आहेस का? चिकटलं. तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून त्याच्याशी बोलले, छताचं, बिलांचं, तुझं. फार बरं वाटलं. म्हणून पेंढी जाळली नाही. मार्कियानचं नाव मी उगाच पुढे करते आहे.

— आई


थंडर बे, १० फेब्रुवारी २०२३

ओरिसिया, घाईत लिहिते.

काल चर्चच्या तळघरात आम्ही बायका युक्रेनच्या मदतीसाठी बटाटा भरून पेरोगी वळत होतो. बटाट्याची पोती उतरवायला ऐनो काका आला होता, बाबांच्या कर्लिंगच्या संघाचा, त्यांच्याबरोबर बर्फावर दगड सरकवणारा फिनिश म्हातारा. मला म्हणाला, 'पोरगा दिसत नाही कुठे?' माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, मार्कियानला वाटतं की बाप त्याला कोण जिंकणार ते सांगतो, आणि सुरुवातीला सगळं खरं ठरत होतं.

ऐनो इतका हसला की पोतं खाली ठेवावं लागलं. 'वासिल? खरं ठरत होतं? अगं स्टेफा, वासिल ज्याचं नाव घेईल त्याच्या विरुद्ध आम्ही सगळे! तीस वर्षं क्लबात त्याच्या पैशाने कॉफी प्यायलो. तो हयातीत एकदा बरोबर नव्हता. एकदा म्हणाला, आज मीच जिंकणार. पहिल्याच दगडाला घसरून पडला!'

सगळ्या बायका हसल्या. मारुसियाच्या डोळ्यांतून पाणी. मी पण हसले, आणि माझे हात पिठात तसेच थांबले.

कारण मला हे माहीत होतं. बेचाळीस वर्षं संसार केलाय मी त्या माणसाबरोबर. पाऊस येणार म्हणाला की मी कपडे वाळत घालायचे. त्याला मी चिडवायचे, तर म्हणायचा, 'हरणारा माणूस कॉफी पाजतो, स्टेफा. म्हणून चार माणसं त्याच्या टेबलाशी बसतात.' हे सगळं माहीत असून मी विसरले. विसरायचं होतं म्हणून विसरले.

ओरिसिया, वासिल कधीच बरोबर नसायचा. मग पवित्र संध्याकाळी कोण आलं? माझी खीर कोणी खाल्ली? शुक्रवारी मी ज्याला तुझ्याबद्दल सांगितलं, तो कोण?

घरी आले. मार्कियान खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला होता. फुंकर न मारता बसला होता. माझ्याकडे वळून तुझ्या बाबांसारखा खोकला.

काय करू, सांग. एक शब्द लिही. पोस्टाने नको, फोनवर पाठव.

— आई


थंडर बे, २६ फेब्रुवारी २०२३

ओरिसिया, माझ्या बाळा,

तुझा एक शब्द आला. 'जाळ.' नऊ महिन्यांत तू मला लिहिलेला सगळ्यात चांगला शब्द.

त्याच दुपारी केलं. पेंढी उचलली तर उचलेना. आणली तेव्हा मार्कियानने एका हाताने आणली होती, आणि वाळलेलं गवत हलकं व्हायला हवं. मी ती ओढत मागच्या अंगणात नेली. काडी पेटवली, विझली. दुसरी विझली. वारा अजिबात नव्हता. तिसरी काढत होते तेवढ्यात तो आला, पायात नुसते मोजे, बर्फातून.

'आई, थांब! आज संध्याकाळचं सांगणार आहेत ते. हे शेवटचं. मग जाळ.'

मी म्हटलं, 'मार्कियान, तुझे बाबा जन्मात कधी बरोबर होते का रे? विचार ऐनो काकाला. विचार स्वतःला.'

तो उभा राहिला. ओठ हलत होते, काही तरी आठवत असावा. हळूहळू त्याचा चेहरा लहान झाला, पाच वर्षांचा असताना यात्रेत हरवला होता तेव्हा झाला होता तसा.

'मग कोण होतं, आई?'

'मला माहीत नाही. पण पाहुणा नव्हे. पाहुणा जेवतो आणि जातो.'

मी पुन्हा काडी ओढली. विझायला लागली. तेव्हा, ओरिसिया, त्याने दोन्ही हातांची ओंजळ करून ती ज्योत धरली. बोटांना चटका बसला, तरी काढली नाहीत. पेंढी पेटली. गहू पेटला की तडतडतो, ही तडतडली नाही. फक्त एक लांब श्वास सुटल्यासारखा आवाज झाला आणि राख. आत आलो तर छतावरचे दाणे सगळ्या स्वयंपाकघरात सांडलेले. मी झाडले, त्याने सुपली धरली.

दुसऱ्या दिवशी ऐनो त्याला इस्पितळातल्या व्यसनमुक्तीच्या गटाला घेऊन गेला. आता जातो. फोन माझ्याकडे आहे, पिठाच्या डब्यात. बरा झाला असं मी म्हणणार नाही. जेवतो, झोपतो, कधी भिंतीकडे बघत बसतो.

माझं खातं मी बंद केलं. तेव्हा डॅरिलचा फोन आला. 'तुमची फार आठवण येईल, स्टेफानिया. आणि ओरिसिया कशी आहे? हॅलिफॅक्सला थंडी फार असेल.' मी फोन ठेवला. तुझं नाव मी त्याला सांगितलं होतं का, ते आठवत नाही. सांगितलंही असेल. तू बोलत नव्हतीस, तो बोलत होता. अनोळखी नंबरावरून कोणी गोड आवाजात माझ्या गुडघ्याची चौकशी केली, तर उत्तर देऊ नकोस. मागे आवाज आहे का ते ऐक आणि ठेवून दे.

वास गेला. खुर्ची गार आहे. खरं सांगू? पहिल्या रात्री मी त्यासाठी रडले. तो कोण होता कोणास ठाऊक, पण घरात होता. हे मी फक्त तुलाच सांगते आहे.

आज रविवार. ऐनो आला होता. टीव्हीवर बायकांच्या कर्लिंगची अंतिम लढत होती. म्हातारा सवयीने बोलून गेला, 'काय रे मार्कियान, आज कोण?' बोलल्यावर त्याने जीभ चावली. माझ्या हातातली बशी तशीच राहिली. मार्कियानने टीव्हीकडे बघितलं. त्याच्या तोंडाशी नाव आलेलं मला दिसलं गं, दोन्ही संघांची आली असतील, पैजेच्या भावासकट.

'मला माहीत नाही, काका,' तो म्हणाला.

ऐनो खाकरला. 'मग कॉफी कोण पाजणार?'

'मी पाजतो. अशीच.'

उठला, पाणी ठेवलं. फडताळातून कप काढले. आम्ही तिघं, आणि त्याने काढले चार. चौथा हातात धरून तो खिडकीकडे बघत थांबला. मी म्हटलं, 'ठेव तो आत. जिवंत माणूस दारात आलं की काढू.'

त्याने ठेवला. ईस्टरला ये.

— आई